लिनक्स कारखान्यात चालेल काय?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाटक, फार तर अर्थसंकल्प, एवढेच विषय यावेत अशी आपल्याकडची रूढी आहे. त्या पंगतीत संगणकाच्या एका कार्यप्रणालीचे पान कोणी मांडले, असा प्रश्न विषयपत्रिका पाहून काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर निडीच्या आसपासच आहे. निडी हे दिवा-रोहे मार्गावरचे लहानसे स्टेशन. त्याच्या एका अंगाला नागोठणे आणि तेथील वायुसंकुल, दुसऱ्या अंगाला रोहे आणि धाटावची रासायनिक वसाहत. पेणच्या बाजूला गेले की डोलवीचा पोलाद कारखाना. या पट्ट्यातल्या किती घरांची घड्याळे पाळीच्या वेळेवर चालतात, हे आपल्याला आम्ही सांगावे असे नाही. या कारखान्यांतले व्हॉल्व पूर्वी माणूस फिरवीत असे. आता बहुतेक ठिकाणी पॅनेलमधली एक पेटी फिरवते. त्या पेटीच्या आत कोणाचा हुकूम चालतो, तो हुकूम कोणाला वाचता येतो, आणि तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न आमच्या मते अर्थसंकल्पाइतके तरी जिव्हाळ्याचे आहेत.

स्वयंचलन हा शब्द मोठा आहे. वस्तू जुनी आहे. पेण तालुक्यातील खारभूमीत ज्यांची भातशेती आहे त्यांना उघाडी ठाऊक आहे. खाडीच्या बांधातल्या मोरीला खाडीच्या अंगाने एक झडप टांगलेली असते. ओहोटीला खाडीचे पाणी उतरले की आत साठलेले पावसाचे पाणी झडपेला ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की खारे पाणीच झडपेला दाबून मोरी बंद करते. रात्री बारा वाजता कोणी कंदील घेऊन तेथे जात नाही. पाण्याची पातळी ओळखणे, त्यावरून निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे, ही स्वयंचलनाची तिन्ही कामे ती एक फळी करते. रासायनिक कारखान्यातल्या रिॲक्टरवरची यंत्रणा याहून निराळे काही करीत नाही. तापमापक तापमान सांगतो, मधली पेटी ठरवते, आणि थंड पाण्याचा व्हॉल्व कमी-अधिक उघडतो.

उघाडीकडून एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. झडप सरासरीने वेळेवर मिटते, एवढ्याने शेतकऱ्याचे भागत नाही. वर्षाकाठी सातशे भरत्या येतात. त्यांपैकी सहाशे नव्व्याण्णव वेळा झडप चोख मिटली आणि एकदाच, उधाणाच्या रात्री, फांदी अडकून अर्धी उघडी राहिली, तर त्या एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते, आणि मग जमीन पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे जावे लागतात हे ज्याचे त्याला ठाऊक. यंत्रविद्येत जिला 'रिअल टाइम' म्हणतात ती हीच अट. पुष्कळांना, चांगल्या शिकलेल्यांनासुद्धा, तिचा अर्थ 'फार वेगाने' असा वाटतो. तिचा खरा अर्थ 'ठरल्या वेळेच्या आत, दर वेळी' असा आहे. झडप सावकाश मिटली तरी चालेल. भरती यायच्या आत मिटली पाहिजे.

कारखान्यांत हे काम पूर्वी रिले करीत. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला मोटारींचे मॉडेल बदलले की भिंतभर रिलेंची वायरिंग उपसून पुन्हा करावी लागे. १९६८ साली तिने यावर तोड मागितली आणि डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'मॉडिकॉन ०८४' नावाची पेटी पुढे केली. वायरी न बदलता तिच्यातल्या आज्ञा बदलल्या की काम भागे. (०८४ या आकड्यात गूढ काही नाही, ती त्यांची चौऱ्याऐंशीवी योजना होती, एवढेच.) आज जिला आपली पोरे पीएलसी म्हणतात ती हीच. तिची आज्ञावली मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी, शिडीच्या आकाराची ठेवली, म्हणजे जुन्या वायरमनला नवे व्याकरण घोकावे लागू नये. हे शहाणपण आम्हांला फार आवडते.

पुढे या पीएलसीच्या डोक्यावर साधा संगणक येऊन बसला. पडद्यावर टाक्यांची चित्रे, नळ, आकडे, लाल-हिरवे दिवे. हा संगणक बहुतेक ठिकाणी विंडोजवर चालतो, आणि येथे एक विजोड लग्न लागले. रिॲक्टर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण निगा तिच्या मालकांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. रिॲक्टर धडधाकट, पंप शाबूत, आणि पडद्यामागचा मुनीम मात्र निवृत्त! नवी विंडोज घालावी तर जुने सॉफ्टवेअर तिच्यावर चालेलच असे नाही. सॉफ्टवेअर नवे घ्यावे तर जुनी कार्डे जुळत नाहीत. सगळेच नवे घ्यावे तर कारखाना महिनाभर बंद. मग लहान कारखानदार काय करतो? चालते आहे ना, कोणी हात लावू नका, असे म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हात लावायचा तर काय करायचे, हे सांगणाराच त्याच्याजवळ नसतो.

संगणकांच्या एकाच जातीवर सारा संसार मांडला म्हणजे काय होऊ शकते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा उपद्रव युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या विंडोज संगणकांत पसरला. उरण तालुक्यातील न्हावा-शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात, त्या समूहाचे एक टर्मिनल आहे. तेथले काम ठप्प झाले. क्रेन मोडल्या नव्हत्या, जहाज बुडाले नव्हते. कोणता कंटेनर कोठे ठेवायचा आणि कोठून उचलायचा हे सांगणारा संगणक मुका झाला होता. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा नव्याने मांडावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्यातली एक गंमत अशी की, त्यांच्या जाळ्याच्या किल्ल्या ज्या यंत्रात असतात त्याची शाबूत प्रत साऱ्या जगात एकट्या घानाच्या कचेरीत सापडली, कारण तेथे त्या वेळी वीज गेलेली होती! वीजमंडळाला नावे ठेवताना हे ध्यानात असू द्यावे.

विंडोज दुष्ट आणि लिनक्स साधू, असा बाळबोध निष्कर्ष आम्ही यावरून काढीत नाही. लिनक्सवरचेही एक संकट पुढे सांगायचे आहे. मुद्दा एवढाच की, कारखान्याला दुसरा पर्याय असावा असे वाटण्यास कारण आहे.

आता लिनक्स म्हणजे काय, ते पेणच्याच भाषेत सांगतो. पेणच्या कारखान्यातून गणपतीची मूर्ती विकत मिळते. साचा मिळत नाही. हा धंद्याचा रीतसर न्याय आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. समजा, एखाद्या मूर्तिकाराने मूर्तीबरोबर साचाही देऊन टाकला आणि अट एकच घातली: या साच्यात सुधारणा करून जो मूर्ती विकील त्याने आपला सुधारलेला साचाही घेणाऱ्याच्या हवाली करावा. किंमत घ्यावी, नफा करावा, मनाई नाही; साचा मात्र दडवू नये. संगणकाच्या जगात साचा म्हणजे सोर्स कोड, माणसाला वाचता येईल अशी मूळ आज्ञावली. असा करार लिहून काढण्याचे काम रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकनाने १९८३ साली सुरू केलेल्या चळवळीतून झाले; १९८९ मध्ये त्याला जीपीएल हे नाव मिळाले. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली छंद म्हणून एका कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो या कराराखाली आणला. त्याच १९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला होता. दोन वाटा तेव्हा एकमेकींना ओळखतही नव्हत्या. आजचे परम संगणक लिनक्सवरच चालतात. जगातले सर्वांत वेगवान ५०० संगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सारे लिनक्सवर आहेत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे, आणि १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर जे चिमुकले हेलिकॉप्टर उडाले त्यातही लिनक्सच होती.

मंगळावर चालते ती धाटावला का चालू नये? वरवर पाहता प्रश्न बिनतोड आहे. परंतु यंत्रज्ञ मंडळी वीस वर्षे मान हलवीत राहिली, आणि त्यांचे कारण खरे होते. ते कारण वेळेचे.

पूजेला बसलेला यजमान डोळ्यांपुढे आणा. दारी कोणी आले, पोस्टमन आला, पाहुणा आला, तरी हातातली आहुती संपेपर्यंत तो उठत नाही. बहुधा दोन मिनिटांचा प्रश्न असतो. पण एखादे वेळी नेमके सहस्रनाम चालू असते, आणि त्याच वेळी गोठ्याला आग लागलेली असते. लिनक्सचा गाभा असाच सोवळा होता. डिस्कवर लिहिणे, जाळ्यावरून आलेले टपाल उचलणे अशी त्याची काही कामे एकदा सुरू झाली की मध्ये कोणाला ऐकायची नाहीत. कचेरीच्या कामात याने बिघडत नाही. सरासरी उत्तम होती. कारखान्याला सरासरी नको होती.

दुसरी अडचण अधिक मजेची आहे. लग्नघरी मुख्य आचाऱ्याला तूप हवे आहे. कोठीची किल्ली एका पोराजवळ आहे. त्या पोराला वराच्या मामांनी गप्पांत गुंतवले आहे. मामा पोरापेक्षा मोठे, म्हणून पोरगा हलत नाही. आचारी मामांपेक्षा महत्त्वाचा, पण मामांना त्याची वार्ताच नाही. पंगत खोळंबते. संगणकात हे सर्रास घडते. १९९७ साली मंगळावर उतरलेले 'पाथफाइंडर' हे यान याच कारणाने पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागले होते. (त्यात लिनक्स नव्हती, दुसरी, खास वेळेची म्हणून नावाजलेली प्रणाली होती. हा दोष कोणा एकाचा नव्हे.) उपाय असा की, किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला तेवढ्यापुरता आचाऱ्याचा मान द्यायचा, मग मामाही त्याला अडवू शकत नाहीत. पृथ्वीवरून तेवढी एक सूचना पाठवली आणि यान सुधारले.

लिनक्समध्ये हे दोन्ही उपाय घालणे म्हणजे चालत्या घराचा पाया बदलणे होते. आधी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला आणि इटलीत मिलानला निराळी युक्ती निघाली: लिनक्सच्या खाली दुसरा एक छोटा कारभारी बसवायचा, तातडीची कामे त्याने करायची, उरल्या वेळात लिनक्सला पूजा करू द्यायची. ती चालली, पण दोन कारभाऱ्यांचे घर सांभाळणे जिकिरीचे. मग २००४ च्या सुमारास इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सोबत्यांनी मूळ गाभाच असा बदलायला घेतला की पूजा कोठेही थांबवता यावी आणि अर्ध्यावर राहिलेली पुन्हा बिनचूक पुढे सुरू व्हावी. हे काम ठिगळ म्हणून बाहेरून जोडले जाई. मुख्य लिनक्समध्ये ते तुकड्यातुकड्याने शिरत राहिले. शेवटचा मोठा अडसर कोणता असावा? गाभ्याला काही निरोप पडद्यावर छापायचा असला तर तो छापेपर्यंत सारे थांबे, तो! वीस वर्षांचे हे काम सप्टेंबर २०२४ मध्ये पुरे झाले. व्हिएन्नात भरलेल्या मेळाव्यात ग्लाइक्सनर यांनी ते स्वीकारण्याची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.१२ पासून ही वेळेची सोय मूळ घरात आहे. नेहमीच्या संगणकांवर आणि फोनच्या जातीच्या चिपांवर ती कोणालाही चालू करता येते.

नीट बेतून बसवलेल्या साध्या संगणकावर या सोयीने हाकेला ओ देण्याचा वाईटात वाईट काळ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास राखता येतो. एका सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यांतला एक. हे पुरेसे आहे काय, असे विचारणाऱ्याला आम्ही उलट विचारतो: कशाला पुरेसे? येथे यंत्रज्ञांच्या वादात पुष्कळ वाफ फुकट जाते. धाटावसारख्या ठिकाणच्या रिॲक्टरमध्ये हजारो लिटर द्रव असतो. त्याचे तापमान बदलायला सेकंद लागतात, कधी मिनिटे लागतात. तेथे सेकंदातून एक-दोनदा पाहिले तरी पोट भरते, आणि त्यासाठी लिनक्स २०२४ सालापर्यंत थांबायला नको होती. साधी लिनक्सही चालली असती. पोलादाचा पत्रा लाटणाऱ्या रुळांची गोष्ट निराळी. एका जोडीतून निघालेला तप्त पत्रा पुढच्या जोडीत शिरताना दोघींचा वेग जुळला नाही तर पत्रा ताणतो किंवा त्याची घडी पडते. तेथे हिशेब मिलिसेकंदांचा. आणि सर्व्हो मोटर, यांत्रिक हात, वेगवान छपाईयंत्र यांना मिलिसेकंदाचाही अंश लागतो. या तिसऱ्या कामालाच नवी सोय खरी हवी होती. तात्पर्य असे की, आपल्या पट्ट्यातल्या बहुसंख्य रासायनिक कारखान्यांना वेळेची अडचण कधी नव्हतीच. अडचण दुसरी होती, तिच्याकडे येतो.

त्याआधी एवढे सांगितले पाहिजे की, लिनक्स कारखान्याच्या दारात उभी राहून परवानगी मागत आहे, हे चित्रच जुने झाले. ती मागल्या दाराने केव्हाच आत आली आहे. जर्मनीच्या वागो कंपनीच्या पीएलसीच्या एका जातीत वेळेची सोय केलेली लिनक्स आहे. फिनिक्स काँटॅक्टच्या 'पीएलसीनेक्स्ट'मध्ये आहे. बॉश रेक्सरॉथने २०१९ साली आणलेली 'कंट्रोल-एक्स' यंत्रणा उबुंटू या लिनक्सच्याच एका अवतारावर उभी आहे. पेटीवर नाव कंपनीचे, आत पान लिनक्सचे. लेथ आणि मिलिंग यंत्रे चालवणारे 'लिनक्स-सीएनसी' हे सॉफ्टवेअर तर अमेरिकेच्या मानक संस्थेने सरकारी पैशाने केलेल्या कामातून निघाले आणि आज फुकट मिळते. आणि महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर जुन्नर तालुक्यात खोडदला जा. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्या साऱ्यांकडून येणारे संकेत एकत्र गुंफण्यासाठी पूर्वी खास घडवलेली यंत्रे होती. २०१० च्या सुमारास ते काम लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांच्या जथ्याकडे आले. आकाशातून येणारा संकेत कोणासाठी थांबत नाही. आला तो क्षण टिपला तर टिपला. ते काम आपल्याच माणसांनी केले आहे.

मग अडचण कोणती? पुन्हा बांधाकडे जावे लागेल. खारभूमीचा बांध एकाचा नसतो. त्याच्या आतली सगळी शेते त्याच्यावर जगतात, म्हणून पूर्वी गाव मिळून त्याची डागडुजी करी. ज्या वर्षी प्रत्येकाने 'दुसरा करील' म्हटले त्या वर्षी खांड पडली. लिनक्सची वेळेची सोय वीस वर्षे का रेंगाळली? विद्या कमी पडली म्हणून थोडेच. मोठमोठे कारखानदार तिच्यावर माल विकीत होते आणि तिच्या डागडुजीला पैसा मात्र कोणी देत नव्हते. काम जवळजवळ छंदावर येऊन ठेपले. शेवटी २०१५ साली लिनक्स फाउंडेशनने त्यासाठी निराळा प्रकल्प काढून कंपन्यांकडून वर्गणी जमवली, तेव्हा गाडे पुढे सरकले. फुकट मिळणाऱ्या वस्तूची ही खरी किंमत.

वर ज्या संकटाचा उल्लेख केला ते याहून बोलके आहे. लिनक्सच्या पुष्कळ अवतारांत फाइली दाबून लहान करणारे 'एक्स-झेड' नावाचे एक साधे साधन असते. जगभर लाखो यंत्रांत ते होते आणि त्याची निगा मुख्यतः एक थकलेला माणूस, पगाराशिवाय, राखत होता. त्याला मदत करतो म्हणून कोणी एक खोट्या नावाने आला, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास मिळवला, आणि मग त्या साधनात चोरदार बसवले. २९ मार्च २०२४ रोजी ते उघडकीस आले. कसे? आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले आणि त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. साचा उघडा होता म्हणून त्याला खोलवर जाऊन पाहता आले, हे खरे. आणि साचा उघडा असूनही तोवर कोणी पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकदम म्हणण्याची तयारी नसलेल्या माणसाने लिनक्सची वकिली करू नये.

कारखान्यांना याची जाण येत आहे. २०१६ साली तोशिबा, हिताची, सीमेन्स वगैरे कंपन्यांनी मिळून एक संघ काढला आणि लिनक्सच्या निवडक आवृत्त्यांची निगा निदान दहा वर्षे राखण्याचे काम अंगावर घेतले. वीजकेंद्रे, रेल्वे, पाणीपुरवठा यांना डोळ्यांपुढे ठेवून ही सोय आहे. गावाने मिळून बांध घालण्याची ही आधुनिक तऱ्हा. दहा वर्षे म्हणजे रिॲक्टरच्या आयुष्याला पुरती नव्हेत. पण साचा हाती असल्यामुळे अकराव्या वर्षी, पदरी जाणता माणूस असला तर, आपली डागडुजी आपल्याला करता येते. बंद पेटीत तो मार्गच नसतो.

आता जेथे लिनक्सने जाऊ नये त्या जागेविषयी. नागोठण्याच्या वायुसंकुलात १९९० च्या नोव्हेंबरात वायूची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. या पट्ट्यात तो दिवस विसरलेला नाही. त्याचा संबंध संगणकाशी लावण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. कारखाना हा कसल्या वस्तूंशी खेळतो, एवढ्यासाठीच तो आठवायचा. रासायनिक कारखान्यात दोन निरनिराळ्या यंत्रणा असाव्या लागतात. एक रोजची: तापमान राखणे, पंप चालू-बंद करणे, नोंदी ठेवणे. दुसरी अखेरची: दाब हाताबाहेर गेला तर सारे बंद करून वायू सुरक्षित जागी सोडणारी. पहिलीत लिनक्स खुशाल असावी. दुसरी तिच्यापासून तोडलेली, वेगळ्या वायरींची, वेगळ्या परीक्षेला उतरलेली, शक्य तेथे स्प्रिंगच्या व्हॉल्वसारखी संगणकाचे तोंडही न पाहणारी हवी. अशा यंत्रणांची परीक्षा घेणारी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आयईसी ६१५०८ या आकड्याने ओळखली जाणारी. लिनक्सचा गाभा कोट्यवधी ओळींचा आहे आणि दर काही आठवड्यांनी बदलतो. त्या नियमावलीच्या चाळणीतून तो जसाच्या तसा जाणे कठीण आहे. २०१९ पासून त्यासाठी एक प्रकल्प चालू आहे. तो यशस्वी होवो. तोपर्यंत आमचे मत ठाम आहे. स्वस्त पडते म्हणून एकाच संगणकावर रोजचे आणि अखेरचे असे दोन्ही काम टाकणारा कारखानदार भेटला तर त्याच्याकडे नोकरीला जाण्यापूर्वी घरच्यांना विचारावे.

कारखानदारांचा एक आवडता प्रश्न असतो: बिघडले तर मी कोणाची गचांडी धरू? लिनक्सच्या करारात हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे, हे खरे. परंतु पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करारही एकदा चष्मा लावून वाचावा. नुकसानीची जबाबदारी तेथेही बहुधा सॉफ्टवेअरच्या किमतीपुरतीच येऊन थांबते. गचांडी धरायला माणूस हवा तो सेवेच्या करारातून मिळतो, आणि तो लिनक्ससाठीही मिळतो. मात्र पुण्या-मुंबईहून येणारा माणूस रात्रपाळीला येत नाही. म्हणून जाणता माणूस येथला हवा. मालकाला फुकट मिळालेल्या लिनक्सच्या वाचलेल्या पैशातून एका पोराचा पगार काढावा असे आम्ही सुचवतो, आणि बहुतेक मालकांना हे आवडत नाही.

पोरांनी काय करावे? लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तेथवर पोचणाऱ्यांची चिंता नाही. आयटीआयमधून निघालेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलासाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात करून ठेवले आहेत. त्याला पैसे पडत नाहीत. त्याच आयआयटीत हीटर आणि पंखा बसवलेली एक छोटी पेटी तयार झाली, जिच्यावर दूरगावच्या विद्यार्थ्यालाही घरबसल्या तापमान-नियंत्रणाचा प्रयोग करता येतो. सोबतचे 'साइलॅब' हे गणिताचे सॉफ्टवेअरही खुल्या साच्याचे आहे. आणि पीएलसीची शिडी शिकायची तर 'ओपन-पीएलसी' नावाचे फुकट सॉफ्टवेअर कोणत्याही जुन्या संगणकावर चालते. लाखाची पेटी आधी विकत घ्यावी, मग शिकावे, हा क्रम आता राहिला नाही.

शेजारच्या खोलीत आम्ही असा एक संगणक मांडून ठेवला आहे. कचेरीतून काढून टाकलेला, धूळ झटकलेला. त्यावर लिनक्स आहे, तिच्यावर ओपन-पीएलसी. पुढे दोन बादल्या, एक तरंगता बोंडा आणि लहानसा पंप. खालच्या बादलीत पाणी चढले की पंप ते उपसतो, म्हणजे आपली उघाडीच म्हणा ना. शिडी पडद्यावर दिसते, ज्याला बदलायची असेल त्याने बदलून पाहावी. संगणकाची वायर मध्येच ओढून काढली तरी हरकत नाही. पंपाशेजारी एक लाल बटण आहे. ते मात्र संगणकाला जोडलेले नाही, सरळ पंपाच्या वायरीत आहे. का, ते आता आपल्याला ठाऊक आहे. प्रश्न असतील ते आधी येथेच घेऊ.